यादीतलं दुसरं नाव

करंजखेडे, ता. शेवगाव,
जि. अहमदनगर
९ फेब्रुवारी १९७१

प्रिय शांतवन,

प्रभूच्या नावाने सलाम.

दौलतराव पाळकसाहेब गेल्याची तार तुला मिळाली, तुझं उत्तरही आलं. रजा मिळाली नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मातीला पुष्कळ माणसं होती. आपल्या वेळचे बोर्डिंगचे सात जण आले होते. साहेबांनी आपल्याला विहिरीवर पोहताना पकडलं होतं ती गोष्ट निघाली आणि सगळे रडता रडता हसले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. साहेबांच्या मागे कुणी नाही, म्हणून मिशन कमिटीने त्यांचं कपाट आवरायला मला सांगितलं. बाप्तिस्म्याची रजिस्टरं, लग्नांची रजिस्टरं आणि कमिटीच्या सभांच्या वह्या. १९५९ ची वही मी मुद्दाम उघडली. ते आपलं वर्ष. आपण अकरा जण मुलाखतीला बसलो होतो आणि सेमिनरीत जागा एकच होती. ज्या पानावर माझं नाव आहे ते पान एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच हौस.

पानावर असं आहे : ‘शांतवन ओहोळ यांची एकमताने निवड.’ त्याखाली आठ दिवसांनंतरची नोंद : ‘ओहोळ यांनी नकार कळविल्यामुळे यादीतील दुसरे नाव, इम्मानुएल वैरागर, यांस पाठविण्यात यावे.’

शांतवन, मी आठ वर्षं पाळक म्हणून उभा आहे आणि आठ वर्षं एकच साक्ष देत आलोय. अकरा जणांतून प्रभूने माझं नाव उचललं, देव माणसाला नावाने हाक मारतो, मला मारली, तुम्हालाही मारील. मरणाच्या दारातल्या माणसांनाही मी हेच सांगितलंय. त्यांनी माझा हात धरून ते ऐकलंय. आता वाटतं, हाक तुला होती आणि मी दुसऱ्याच्या हाकेला ओ दिली.

मागच्या रविवारी उपदेशाला उभा राहिलो आणि ती गोष्ट तोंडून निघेना. मध्येच गीत घ्यायला सांगून खाली बसलो.

तू मला कधीच का सांगितलं नाहीस? माझे वडील नुकतेच गेले होते, घरात कमावणारं कुणी नव्हतं, म्हणून दया आली का? खरं काय ते लिही.

तुझ्या आईला, अंबूमावशींना, सलाम सांग.

तुझा,
इम्मानुएल


चिंचवड
१८ फेब्रुवारी १९७१

प्रिय इमू,

सलाम. पत्र वाचून हसू आलं, राग धरू नकोस. अरे, त्या वेळचा कारकून आठवतो का तुला? बोर्डिंगच्या हजेरीत त्याने मला सहा महिने ‘शांताबाई ओहोळ’ लिहिलं होतं. नावं उलटसुलट केली असतील त्याने. एवढ्याशा नोंदीवरून तू उपदेश करता करता खाली बसतोस म्हणजे कमाल झाली.

इथलं सगळं बरं आहे. फाउंड्रीत काम वाढलंय, आठवड्यातून तीन दिवस ओव्हरटाइम. मी पॅटर्न शॉपमध्येच आहे, ओतकामाचे लाकडी नमुने करतो. रंधा आणि पटाशी हातात असली की माझं काही दुखत नाही. घरमालक मारुतराव आमच्या शेजारी आणखी चार खोल्या काढतायत. त्यांच्या मळ्यात आता वांगी नाहीत, भाडेकरू आहेत. सातारचे, बीडचे, केरळचे. आमची ख्रिस्ती मंडळी वाढून चौदा घरं झाली. पाळक नाही, त्यामुळे उपासना आळीपाळीने कुणीही घेतो. माझी पाळी आली की लोक लवकर घरी जातात.

आईचे गुडघे दुखतात. तुझं नाव काढलं की उठून बसते.

ती वही कपाटात ठेव आणि कपाटाला कुलूप लाव.

तुझा,
शांतवन


करंजखेडे
१४ मार्च १९७१

प्रिय शांतवन,

सलाम.

त्या कमिटीतले एकच सभासद आता हयात आहेत, आपले उद्धवराव गुरुजी. सोनईला मुलाकडे असतात. मी सायकल काढली आणि त्यांच्याकडे गेलो. डोळ्यांनी दिसत नाही, पण सगळं लख्ख आठवतं. ते म्हणाले, “कारकुनाची चूक कसली? तुझा दोस्त भर दुपारी माझ्या ओट्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, मी जाणार नाही, इम्मानुएलला पाठवा, आणि हे त्याला कधी कळू देऊ नका. मी शब्द दिला म्हणून गप्प बसलो. आता तुला कळलंच आहे तर कशाला लपवू?”

तू मला दोनदा फसवलंस, शांतवन. बारा वर्षांपूर्वी एकदा आणि मागच्या महिन्यात पुन्हा. पहिलं फसवणं मी समजू शकतो. दुसऱ्याने मला जास्त लागलं. मी विनोद ऐकायला लिहिलं नव्हतं.

मी कमिटीकडे राजीनामा दिला आहे. मे अखेर मी मोकळा होईन. तुझी वहिनी दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, “तुम्ही जिथे जाल तिथे चूल मांडू.” तेव्हा आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुझ्या कंपनीत माझ्यासाठी काही काम बघ. टाइम ऑफिस, स्टोअर, काहीही. मला इंग्रजी लिहिता येतं. मंडळीच्या भाकरीवर आता बसवत नाही.

इम्मानुएल


चिंचवड
२८ मार्च १९७१

प्रिय इमू,

सलाम. चुकलो. विनोद करून निसटायची माझी जुनी खोड, तुला ठाऊकच आहे. आता सगळं लिहितो. आज रविवार आहे, सुट्टी मिळाली आहे. आई पलीकडे बसून तांदूळ निवडतेय आणि तिला दिसू नये म्हणून मी पाठ करून बसलोय. का, ते पुढे कळेल.

मुलाखतीत मला विचारलं, “प्रभूने तुला बोलावलं हे तुला कशावरून कळलं?” मी घडाघडा उत्तर दिलं. ते उत्तर साहेबांच्याच एका उपदेशातलं होतं, ज्यांचं त्यांनाच ऐकवलं. सगळे माना डोलावत होते. मी बोलत होतो आणि आतून मला कळत होतं की यातलं एक अक्षर माझं नाही.

मग तू आत गेलास आणि लगेच बाहेर आलास. तोंड उतरलेलं. मी विचारलं, “काय रे?” तू म्हणालास, “मला काही सांगताच आलं नाही. एवढंच म्हणालो की आजारी माणसाजवळून मला उठून जाता येत नाही.” तुला आठवत नसेल. बोर्डिंगात गोवराची साथ आली तेव्हा आम्ही सगळे खिडकीतून डोकावून पळायचो आणि तू पंधरा दिवस त्या खोलीत होतास. कुणी सांगितलं नव्हतं तुला. तू हे कमिटीला सांगितलंही नाहीस. तुला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

आठ दिवसांनी साहेबांनी मला बोलावून निवड झाल्याचं सांगितलं. मी तिथून मिशनच्या सुतारशाळेत गेलो. मिस्त्रींनी एक फळी दिली होती, ती तशीच पडली होती. मी ती तासायला घेतली. दुपारपर्यंत तासत होतो. मग उठलो आणि गुरुजींच्या ओट्यावर गेलो. दया वगैरे काही नव्हती, इमू. तुझे वडील गेले होते हे त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हतं, शपथेवर सांगतो.

पण माझ्याकडे मोठेपणा आहे असंही समजू नकोस. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली. मी पोटात असताना तिने नवस केला होता, हे जगलं तर प्रभूच्या सेवेला देईन. मी पाळक व्हावं म्हणूनच ती भांडी घासत राहिली. तिला काय सांगणार? सांगितलं, “माझी निवड झाली नाही.” तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण घरी कुणी पाळक आला की ती चांगला कप काढते, त्यांना चहा देते आणि मग माझ्याकडे बघते. बारा वर्षं बघतेय. तिला वाटतं, तिने दिलेलं प्रभूने परत केलं.

आणि मला काय वाटतं विचारशील, तर मला कितीदा वाटलंय की मी पळालो. देवाला सोडून लाकडाकडे पळालो. तू पाळक झालास, चांगला झालास, असं ऐकलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आणि आता तूच राजीनामा देतोस! मग मी कुठे जाऊ?

टाइम ऑफिसात एक जागा निघणार आहे. मी फोरमनशी बोललो आहे. पण अर्ज करायच्या आधी चार दिवस इथे ये. कंपनी बघ. मग ठरव.

तुझा,
शांतवन


(पोस्टकार्ड)

करंजखेडे, २४ एप्रिल १९७१

शांतवन, ३ मेच्या सकाळच्या एस.टी.ने निघतो. चार दिवस राहीन. तुझ्यावर रागावलेला नाही. बाकी समक्ष.
इम्मानुएल


चिंचवड
२९ मे १९७१

प्रिय इमू,

सलाम. तू दवाखान्यातूनच परस्पर नगरच्या गाडीत बसलास. तुझी बॅग इथेच राहिली, धोतरजोडी आणि कागदपत्रं आहेत त्यात. मारुतरावांचे जावई पाथर्डीला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो.

तू असा न सांगता गेलास, तेव्हा मला वाटलं पुन्हा काही मनाला लागलं. म्हणून मी काय पाहिलं ते लिहितो. मग तुला हवं ते समज.

तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला कंपनी दाखवायला नेलं. पॅटर्न शॉप दाखवलं, मग फाउंड्रीत आलो आणि आपल्या समोरच ओतायची लॅडल, ती मोठी पळी, कलंडली. वितळलेलं लोखंड आमच्या कादर मोल्डरच्या पायावर गेलं. मी तिथे रोज असतो, पण मी जागच्या जागी थिजलो. सगळेच थिजले. तू पाहुणा, पांढरंशुभ्र धोतर नेसलेला. तू धावलास, त्याला काखेत धरून ओढलंस आणि त्याच्याबरोबर गाडीत बसून पुण्याला गेलास. आम्हाला वाटलं संध्याकाळी येशील. तू बावीस दिवस आला नाहीस.

मी शिफ्ट संपवून यायचो तेव्हा तू त्याच्या खाटेशी स्टुलावर असायचास. ड्रेसिंग बदलताना तो ओरडायचा आणि तू त्याचा हात धरून त्याला त्याच्या गावच्या, चऱ्होलीच्या, ओढ्यातल्या माशांबद्दल विचारायचास. कुठल्या डोहात कोणते मासे, कसे धरायचे. तो ओरडता ओरडता सांगायचा. मी तुझ्या तोंडून त्या बावीस दिवसांत एकही उपदेश ऐकला नाही.

कादरची आई रोशनबी काल घरी आली होती. पाय वाचला, चालायला वेळ लागेल म्हणाली. ती आईला विचारत होती, “तुमचे ते पादरीबाबा कुठल्या दवाखान्यात नोकरीला असतात?” आई म्हणाली, “दवाखान्यात न्हाई, देवळात असत्यात.” रोशनबीला ते पटेना.

आता कामाचं. टाइम ऑफिसची जागा निघाली. १५ जूनपासून हजर व्हायचं. मी अजून होय किंवा नाही काही कळवलेलं नाही. काय सांगू?

तुझा,
शांतवन


करंजखेडे
६ जून १९७१

प्रिय शांतवन,

प्रभूच्या नावाने सलाम.

बॅग मिळाली. मनाला काही लागलं नव्हतं. राजीनाम्याची मुदत मे अखेरची होती आणि ३० तारखेचा रविवार माझा शेवटचा. २६ तारखेला कादर स्वतः उठून बसला, हाताने पाणी प्यायला, मला म्हणाला, “बाबा, आता तुम्ही जा, तुमची माणसं वाट बघत असतील.” मला एकदम करंजखेडं आठवलं आणि मी निघालो. तुला निरोप द्यायचं सुचलं नाही, माफ कर.

त्या रविवारी मी देवळात सगळं सांगितलं. साठेक माणसं होती. म्हणालो, मी तुम्हाला आठ वर्षं एक गोष्ट सांगत आलो आणि ती खरी नव्हती. कमिटीने आधी निवडला तो दुसराच. मी यादीतलं दुसरं नाव होतो. म्हणून मी राजीनामा दिला आहे.

मग मागून छबूबाई उठल्या. शेळ्या राखतात, तुला माहीत नसतील. त्या म्हणाल्या, “पाळकबाबा, त्या कागदावर तुमचं नाव पयलं व्हतं का दुसरं, आमाला काय ठावं? मला लिवता येत न्हाई, वाचता येत न्हाई. माझा मालक आठ दिस हातरुनात तडफडत व्हता तवा भाऊबंद दारातनं माघारी जायाचे. तुमी आत आला आन् त्येचं अंग पुसलं. आता ते बी दुसऱ्या कुनाचं काम व्हतं म्हनून सांगताय का?”

शांतवन, मी वेदीच्या पायरीवर बसलो. मग एकेक जण बोलायला लागला. कुणाच्या बाळंतपणात बैलगाडी मी हाकली होती, कुणाच्या पोराला नगरच्या दवाखान्यात मी नेलं होतं. त्यातलं अर्धं मला आठवतही नव्हतं. साक्षीत मी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. तू हेच तर लिहिलं होतंस मार्चमध्ये. तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

आठ वर्षं मी लोकांना माझं पाचारण सांगत होतो ते एका कागदाच्या जोरावर. कागद गेला तेव्हा वाटलं सगळं गेलं. आणि प्रभू तर मला रोज बोलावत होता, कधी बैलगाडीतून, कधी छबूबाईंच्या घरातून, आणि मी जातही होतो. मला फक्त कळत नव्हतं की हीच ती हाक.

कमिटीकडे जाऊन राजीनामा मागे घेतला. चेअरमन म्हणाले, “पुढच्या सभेत ठेवायचा होता, पण सभाच झाली नाही.” टाइम ऑफिसला नाही म्हणून कळव आणि फोरमनसाहेबांचे माझ्या वतीने आभार मान.

आता तुझ्याविषयी. अपघाताच्या आधी तू मला पॅटर्न शॉप दाखवलंस तेव्हाची गोष्ट. कुठल्याशा पंपाचा नमुना तयार होता आणि फोरमन घाई करत होता, “ओहोळ, सोड आता, मोल्डर खोळंबलेत.” तू डोळे मिटून त्या लाकडावरून बोटं फिरवलीस आणि म्हणालास, “साहेब, इथे केसभर उचललंय. वाळूतून काढताना साचा फाटेल. मोल्डरला तेच काम परत करावं लागेल.” आणि तू पुन्हा पॉलिशपेपर घेतलास. ज्या माणसाला तुझं नावही माहीत नसेल त्याचं काम मोडू नये म्हणून. मी लहानपणापासून तुझ्याबरोबर प्रार्थनेला बसलोय, शांतवन. तेव्हा तू नेहमी एक डोळा उघडा ठेवायचास. त्या दिवशी तुझे दोन्ही मिटलेले होते.

तू पळाला नाहीस. मी हे पाळक म्हणून सांगतो, मित्र म्हणून नाही.

आणि पाळक म्हणून आणखी एक सांगतो. मी साठ माणसांना खरं सांगितलं, तू एकीला सांग. अंबूमावशींना वाटतंय की त्यांचं दान प्रभूने नाकारलं. ते ओझं त्यांचं नव्हे, ते तू त्यांच्या डोक्यावर दिलंस. उतरव.

तुझा कृतज्ञ,
इम्मानुएल


चिंचवड
१९ जुलै १९७१

प्रिय इमू,

सांगितलं. महिनाभर धीर होत नव्हता, काल झाला.

ती चुलीपुढे बसली होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे त्यांनी तुला घेतला व्हता.” मी म्हणालो, “हो.” “आन् तू न्हाई म्हनलास.” मी म्हणालो, “हो.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते, डबा भरून देते, पण बोलत नाही. तुझी वहिनी म्हणते, थांबा. मी थांबलोय. पण इमू, घरात कसं वाटतं म्हणून सांगू! ती नुसती माझ्याकडे बघायची, तेच बरं होतं.

शांतवन


करंजखेडे
२७ जुलै १९७१

प्रिय शांतवन,

त्या बारा वर्षं देवावर रुसल्या होत्या. आता त्यांना तुझ्यावर रुसू दे. ते त्यांना सोपं जाईल, तू समोर आहेस. रोज सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.

इकडे यंदा पाऊस बेताचाच. छबूबाईंनी तुझ्यासाठी खारकांची पुडी दिली आहे, कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवतो. त्यांना मी सांगितलं, यादीतलं पहिलं नाव कुणाचं ते. त्या म्हणाल्या, “त्येनं बरं केलं.”

इम्मानुएल


चिंचवड
३ ऑक्टोबर १९७१

प्रिय इमू,

सलाम. तुझी दोन पत्रं उत्तराविना पडली आहेत. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं. आता झालंय.

दसऱ्याला कंपनीत दर वर्षी यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. फुलांची तोरणं, पेढे, पोरंबाळं मशिनींभोवती धावतायत. आई कधी आली नव्हती. या वर्षी आदल्या संध्याकाळी, अडीच महिन्यांनी, तिने आपणहून तोंड उघडलं. म्हणाली, “उद्या मला ने. मी पूजेला येत न्हाई. मला तुजं काम बघायचंय.”

गुडघ्यांमुळे तिला चालवत नव्हतं. मारुतरावांनी बैलगाडी दिली आणि स्वतः गेटपर्यंत आले. तिने पांढरं लुगडं नेसलं होतं, उपासनेला नेसते ते. कादर गेटवर उभा होता. तो आता कामावर येतो, लंगडतो थोडा, बसून करायचं काम दिलंय त्याला. त्याने तिचा दुसरा हात धरला.

पॅटर्न शॉपमध्ये माझ्या टेबलावर एक मोठा नमुना पूर्ण होऊन ठेवलेला होता, पाण्याच्या पंपाचा. पिवळ्या सागाचा, दोन भागांत. ती बराच वेळ त्याच्याभोवती फिरली. मग मला विचारलं, “ह्ये कशात बसवत्यात?”

मी म्हणालो, “कशातच नाही, आई. हे लाकूड यंत्रात जात नाही.”

“मंग एवढं गुळगुळीत कशापायी केलं?”

कादर म्हणाला, “आजी, मी सांगतो. हे आम्ही वाळूत दाबतो, मग अलगद काढून घेतो. वाळूत याच्या आकाराची पोकळी राहते. त्यात लोखंड ओततो. हे नीट असलं तर लोखंड नीट. शांतवनभाऊंचं लाकूड असलं की आम्ही डोळे झाकून घेतो. दुसऱ्याचं आलं तर आधी तपासतो.”

“आन् लोकं काय बघत्यात? लोखंड?”

“लोखंडच. हे कुणाला दिसत नाही.”

आईने नमुन्यावर हात ठेवला. तिचे हात भांडी घासून घासून खरखरीत झालेत, तुला ठाऊक आहे. तो हात ती हळूहळू फिरवत राहिली, वरून खाली, कडेकडेने. मला वाटलं, काही उणं सापडतंय की काय! मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्याने प्रार्थना करायला लागली. तिथे, सगळ्यांसमोर. शेजारच्या टेबलावर नारळ फोडत होते ते थांबले. फोरमनसाहेबांनी टोपी काढली.

ती म्हणाली, “बापा, बत्तीस वर्सामागं मी तुला एक पोर दिलं व्हतं. त्ये तू घेतलंस का न्हाई ते मला कळत नव्हतं. मी तुज्यावर लई रुसले. पोरावर बी रुसले. आज बगितलं त्येला कुठं ठिवलास ते. चांगल्या जागी ठिवलास. त्येच्या हाताला तूच शिकिवलंस. मी दिलेलं तू घेतलंस, बापा, तुजं लई उपकार.”

ती डोळे मिटून तशीच उभी होती, कुणीतरी शेवटचा शब्द म्हणावा म्हणून थांबलेली. तो म्हणायचं मला सुचेना. तेव्हा कादरच म्हणाला.

“आमीन.”

तुझा,
शांतवन